अक्षर नर्सताईंचं, बोलणं माझं

प्रिय आई,

तुझ्या पायांवर मनातूनच डोकं ठेवतो, कारण अजून वाकता येत नाही.

भेटशील तेव्हा माझे हात पाहून घाबरू नकोस. संपात कोण कोण होतं ते सांगितलं नाही, म्हणून पोलिसांनी माझी बोटं टेबलाच्या खणात चिरडली. पाण्याच्या पिंपात डोकं बुडवलं. शुद्ध हरपली तेव्हा दवाखान्यात आणलं. इथे वरण-भात वेळेवर मिळतो. तुझे गुडघे कसे आहेत?

मला घेऊन आलेला पोलीस साहेब इथल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "जिन्यावरून पडला असं लिहा."

"आधी बाहेर व्हा. कैद्याला तपासताना पोलीस खोलीत थांबत नाही, हा साऱ्या जगाने मानलेला नियम आहे."

त्याने बाईंना भिंतीवर आपटलं. ओठ फुटला, पण बाई मागे हटल्या नाहीत. म्हणाल्या, "आता न्यायाधीशांकडे दोन जखमींचा अहवाल जाईल." तो निघून गेला.

उद्या मला न्यायाधीशांसमोर उभं करतील. इथून निघताना साहेबाने मला तुझ्या-माझ्या घराचा पत्ता घडाघडा म्हणून दाखवला. म्हणून तू आजच ताईच्या सासरी राहायला जा.

साहेबाविरुद्ध न्यायाधीशांपुढे मी तोंड उघडू की नको, हे मात्र तुला विचारत नाही. तू काय म्हणशील ते ठाऊक आहे.

तुझाच,
धाकटा