पद्मिनीची कंबर आणि माझी गाडी

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
गाडी आली. काळी, स्पोर्टी एसयूव्ही, वीस इंची चाकं. नारळ मी फोडला. तिसऱ्या फटक्याला फुटला, कारण नारळ चिवट होता. क्षितिजाने व्हिडिओ काढला. मुलगी मोहालीत आयटीत आहे, पण वडिलांचा मान राखणं त्यांच्या ट्रेनिंगमध्ये नसावं.
आजपासून गाडीची नोंद ठेवणार. किलोमीटर, टायरची हवा, राइड. तीस वर्षं एअर फोर्समध्ये होतो. हवामान शाखेत, म्हणजे विमान चालवलं नाही, पण माझ्या शब्दावर विमानं उडायची.
२३ नोव्हेंबरला लग्नाला तीस वर्षं होतील. लग्नानंतर अंबाल्याला पोस्टिंग असताना स्कूटरवरून डोंगरात कसौलीला गेलो होतो, पद्मिनी मागे. यंदा ह्या गाडीतून. पद्मिनी शेजारी. ठरलं.

५ ऑक्टोबर, रविवार.
पहिली सॉर्टी, म्हणजे फेरी. सेक्टर ४४ मधल्या घरापासून सुखना लेक. पद्मिनीच्या मांडीवर कढीचा डबा, लेकवर मित्रमंडळींचा डबा-पार्टीचा बेत होता. मी ब्रेक उशिरा मारतो. नवशिके लांबूनच मारत सुटतात. तिसऱ्या गोल चौकात कढी डॅशबोर्डवर.
पद्मिनी म्हणाली, ह्यापेक्षा जात्यावर बसले असते तर पीठ तरी मिळालं असतं. घरी येईपर्यंत कंबर धरून होती. मी कसौलीचं काढलं. म्हणाली, कंबर हो म्हणाली तर गाडीने, नाहीतर बस आहेच.
बस! नव्या गाडीच्या तोंडावर!
निष्कर्ष: सस्पेन्शन कडक आहे. उपाय करणार.

७ ऑक्टोबर, मंगळवार.
टायरची हवा ३६ वरून २४ केली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, विझेना. पद्मिनीच्या पाकिटातली मोठी टिकली त्यावर चिकटवली. आता सगळं व्यवस्थित. राइड लोण्यासारखी. गाडीत एकटाच होतो, पण अंदाज येतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी गोल्फ. कर्नल विर्क त्यांच्या गाडीतून नेतात. परत आलो तर पद्मिनी गाणं गुणगुणत पोहे करत होती. शेजारच्या मिसेस सोढींबरोबर पिंजौरला सत्संगाला जाऊन आली म्हणे. आता दर मंगळवारी-गुरुवारी जाणार.
पिंजौर! जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर! कंबर दुखली का, विचारलं. अजिबात नाही म्हणाली.
खाली जाऊन सोढींची गाडी पाहून आलो. पंधरा वर्षांचा खटारा, एका टायरमध्ये हवा नाही, बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. असल्या गाडीत बसते आणि माझ्या नाही. ह्याला विश्वासघात म्हणतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. दुपार.
इंडस्ट्रियल एरियात हरजिंदर मेकॅनिककडे. त्याला शेजारी बसवून दोन चौक फिरवलं. उतरल्यावर तो जरा वेळ भिंतीला हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, ‘सरजी, गड्डी विच कोई नुक्स नहीं. तुसी ब्रेक थोडा पहले मारा करो.’
म्हणजे दोष गाडीत नाही, माझ्यात! रोगी सोडून नातेवाइकाला औषध! असले मेकॅनिक देशाला बुडवणार. मी वीस इंची चाकं काढून अठरा इंची बसवायला लावली. टायरचं रबर जाड, म्हणजे राइड मऊ. विज्ञान आहे हे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.
गोल्फहून आल्यावर तपासणी. मीटर काल ४१२, आज ४६२. गाडी जागची हललेली नाही. निदान: चाकं लहान झाली की मीटर जास्त पळतो. सीट तीन इंच पुढे सरकलेली. माझे ब्रेक जोरदार असतात, त्याने सरकत असणार. टिकली गायब. हवा २४ ची ३३ झालेली. उन्हाने हवा प्रसरण पावते. हा तर माझाच विषय.
गाडी आपोआप सुधारते आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार.
इंटरनेटवर वाचलं: कडक गाडीत वजन भरलं की मऊ चालते. डिकीत गव्हाची चार पोती टाकली. दोनशे किलो. पद्मिनीला मार्केटपर्यंत नेलं. वाटेत एक शब्द बोलली नाही. यश!
रात्री कळलं, वरचा हँडल दोन्ही हातांनी धरून ती मनात रामरक्षा म्हणत होती. तीन वेळा झाली म्हणे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.
गहू गेला! पद्मिनीने चारही पोती गुरुद्वाऱ्यात लंगरला दिली. मला न विचारता. गाडीत कुजण्यापेक्षा कुणाच्या पोटात जाईल, हे वर ऐकवलं. दोन बायकांनी दोनशे किलो नेला कसा, हे विचारलं तर म्हणाली, वाहेगुरू की कृपा.
क्षितिजाकडे तक्रार केली. तिने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. म्हणाली, ‘पापा, यार, थोडा ऑब्झर्व्ह किया करो.’ मला सांगते! जन्मभर आभाळ ऑब्झर्व्ह केलं मी!

४ नोव्हेंबर, मंगळवार.
पद्मिनी पुन्हा पिंजौरला. मीटर पुन्हा पन्नासने पुढे. टायरवाल्याला जाब विचारला पाहिजे.
हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. जोरहाट, बिदर, भूज. प्रत्येक पोस्टिंगला ती माझ्या शेजारी बसून गेली. स्कूटर होती तेव्हा मागे. पुढच्या सीटवर माझा हात गिअरवर आणि तिच्या हातात सोललेलं संत्रं, अशी आमची पद्धत. आता संत्रं मिसेस सोढींना मिळत असेल. वाईट वाटतं. गाडी घेतली ती कुणासाठी?

८ नोव्हेंबर, शनिवार.
जेलची गादी, त्यावर कंबरेची उशी, त्यावर मानेची उशी. पद्मिनीला बसवून पाहिलं. डोकं छताला टेकलं. गादी काढली.
तरी हिंमत करून कसौलीचं पुन्हा विचारलं. येईन म्हणाली. गाडीनेच! आणि हसली. असं हसणं भूजनंतर पाहिलं नव्हतं.
उशी यशस्वी. हरजिंदरला फोन करून कळवलं. तो म्हणाला, बधाई हो सरजी, गड्डी कौन चलाएगा? मूर्ख माणूस.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.
निघतो आहोत. हवा ३३. संत्री घेतली आहेत. पद्मिनी खाली गेली सुद्धा. आज सगळ्यांना दाखवतो.

२३ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.
जे घडलं ते क्रमाने लिहितो.
खाली गेलो तर पद्मिनी स्टिअरिंगवर. सीट तीन इंच पुढे. मी म्हणालो, चुकीच्या बाजूला बसलीस. तिने पर्समधून लायसन्स काढलं. सप्टेंबरचं. मी गोल्फला जायचो तेव्हा ड्रायव्हिंग स्कूल लावलं होतं म्हणे. आणि गाडी आल्यापासून दर मंगळवारी-गुरुवारी पिंजौर. माझ्या गाडीने. सोढीबाई शेजारी बसायच्या. हवा हिने भरून घेतली. टिकली हिने काढली. गहूसुद्धा माझ्याच गाडीतून, माझ्याच डिकीतून गुरुद्वाऱ्यात गेला.
आधी का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, भूजला मी एकदा शिकवा म्हणाले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात हे बायकांचं काम नाही. अहो, सत्तावीस वर्षं झाली त्याला.
मला आठवत नाही. म्हणालो असेन.
डोंगरातला रस्ता पिंजौरसारखा नसतो, हे बजावून डावीकडे बसलो. तिच्या चुका टिपायला वही उघडली. वहीतली नोंद जशीच्या तशी: ‘१. हॉर्न कमी वाजवते. २. ब्रेक फार लवकर. ३. वळण’. पुढे पेनाची रेघ पानाबाहेर गेली आहे.
कसौलीला तिने हलवून उठवलं. धरमपूरच्या आधीपासून घोरत होतो म्हणे. सीटबेल्टला लाळ. हातात सोललेलं संत्रं होतं. कधी दिलं कळलं नाही.
चर्चजवळ चहा घेतला. तिने कंबरेचं नाव काढलं नाही. मीच म्हणालो, येताना मी चालवतो. गाडी शेवटी माझी आहे. तिने किल्ली माझ्या हातात दिली. संत्री पर्समध्ये ठेवली.
धरमपूरला पद्मिनी म्हणाली, गाडी बाजूला घ्या. डोंगरातली बारा किलोमीटर झाली होती फक्त. रागावली नव्हती, हे मुद्दाम लिहितो. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, सावकाश या, वरण-भात लावून ठेवते. आणि रोडवेजच्या बसमध्ये चढली.
परवाणूला मी टायरची हवा तपासत होतो. हवा बरोबर होती. तेवढ्यात ती बस शेजारून गेली. जुनी, सगळ्या खिडक्या खडखडत होत्या. तिसऱ्या खिडकीशी डोकं टेकून पद्मिनी गाढ झोपली होती.