गर्दीवर बोलणारे दामूशेठ

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या टेमघर गावात पाण्याची बैठक. दामूशेठ तावातावाने म्हणाले, "बाहेरची मानसं लय वाढली. चाळीचा नळ बंद करा, गावाला पुरंल." टाळ्या! चाळ कोणाची? ह्यांचीच. दिवसपाळीचे लूमवाले कामगार ज्या गादीवरून उठतात, तिच्यावरच रातपाळीचे झोपतात, भाडं दोघांकडून. गादी थंड होत नाही, आणि हे गर्दीवर बोलणार!

मी हसत विचारलं, "शेठ, ती माणसं पाणी कुठलं पिणार?"

ते शेजाऱ्याच्या कानात पुटपुटले, "आपली बोअर हाय की. हंड्यामागं पैसे घेऊ."

माझे कान तिखट. लाजतील म्हणून मी ते भर बैठकीत मोठ्याने सांगितलं. तर मागून एक घरमालक म्हणतो, "मंग माझी बोअर पन धरा ना त्यात!"

उद्यापासून नळ बंद.