स्वतःलाच कापणारा त्रिकोण

३ नोव्हेंबर
आजपासून शिस्त. पोलंडच्या या पोझ्नान शहरात आरएनएवर काम करणारे पैशाला पासरी आहेत, पण कात्रीवाल्या आरएनएचा त्रिकोण बांधणारा मी एकटाच. हा रेणू दुसऱ्या आरएनएला नेमक्या जागी कापतो. कोपऱ्याकोपऱ्यावर कात्री, आणि सोडायचा आजारी पेशीत! महिनाअखेर प्रोफेसर बोगुमिवाबाई एकालाच ठेवणार: मला किंवा यागोदाला. बिचारी यागोदा.

५ नोव्हेंबर
कॉम्प्युटरवर त्रिकोण देखणा दिसतो. यागोदा म्हणाली, "अरे लेओ, मॅग्नेशियमशिवाय त्याची घडी बसणार नाही. आणि मॅग्नेशियम पडलं की कात्री सुरू. समोर पहिलं काय सापडेल? त्रिकोणाचीच बाजू!" जळते मेली.

६ नोव्हेंबर
माझा नामदिन, म्हणजे संत लेओनार्दचा दिवस. रिवाजाप्रमाणे खसखशीचे रोगाल, चंद्रकोरीसारखे गोड पाव, मीच आणले. यशाचे आगाऊ पेढेच. बाईंनी दोन खाल्ले. म्हणाल्या, "लेओनार्द, रोगाल झकास. त्रिकोण कुठाय तुमचा?"

७ नोव्हेंबर, दुपारी
मॅग्नेशियम घातलं. तुकडे. दोष ग्लोव्हजचा. बोटाचा घाम लागला की आरएनए संपतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

१० नोव्हेंबर
नवे ग्लोव्हज. तुकडे. आता पाण्यावर संशय आहे.

१२ नोव्हेंबर
नवं पाणी. तुकडे, पण जास्त एकसारखे. ही प्रगतीच.

१३ नोव्हेंबर
यागोदानं माझ्या रचनेतलं एक अक्षर बदलून कात्री बोथट केली. म्हणे, "आधी उभा तर राहू दे. धार नंतर लावू." मी म्हटलं, न कापणारी कात्री काय कामाची? सगळे हसले. म्हणजे मी हसलो.

१४ नोव्हेंबर
इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्रिकोणच त्रिकोण! ओरडत बाईंना हाताला धरून आणलं. त्यांनी नळीवरचं नाव वाचलं. यागोदा. माझ्या नळीत भुगा होता.

१७ नोव्हेंबर
बाईंना समजावलं की भुगा फार उच्च दर्जाचा आहे. बाई म्हणाल्या, "कापतो झकास. पण स्वतःलाच ना?" यागोदा आता कात्रीवर झाकण बसवते आहे, पेशीत गेल्यावरच उघडणारं. मलाही सुचलंच असतं.

२८ नोव्हेंबर
यागोदा राहिली.
टेबल आवरत होतो, तर ती पेपरचा मसुदा घेऊन आली. "तुझं नाव आहे रे यात," म्हणाली. लेखकांत शोधलं, नव्हतं. शेवटी एका चित्राखाली सापडलं: "लेओनार्द रचना. मॅग्नेशियम घालताच नष्ट होते."
खूप वाईट वाटलं. छापून आल्यावर एक प्रत मिळेल का, असं विचारलं.