डिश उभी असेपर्यंत

३ मार्च, मंगळवार

आलो एकदाचे! घर घेऊनच आलो म्हणा, कारण आमचं घर आता चाकांवर आहे. दोन पलंग, गॅस, एवढीशी न्हाणी, आणि कपाटं इतकी की सकाळपासून माझा चष्मा दोनदा हरवला. रिटायर झाल्यावर यांनी ही जुनी मोटरहोम घेतली तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता मीच पडदे शिवून लावलेत. लेकीला नववा लागलाय, जावई बोटीवर, आणि तिच्या घरी जागा मुठीएवढी. म्हणून तिच्या दारातच गाडी उभी करायची आणि बाळंतपण उरकायचं, असा बेत आहे. वाटेत या मैदानावर थांबलोय ते फक्त टीव्हीची डिश बसवून घ्यायला. इथून पुढे दोन दिवसांचा रस्ता.

मैदान ऐसपैस आहे. पाण्याचा नळ आहे, विजेचा खांब आहे, आमच्यासारख्याच सात-आठ गाड्या उभ्या आहेत. सगळ्यांची दारंखिडक्या बंद. माणसं शांत दिसतात, बरं आहे.

४ मार्च, बुधवार

डिशवरून सकाळीच आमची जुंपली. ॲन्टेनावाला गोड बोलणारा, मिशीत हसणारा माणूस. त्याने तीन प्रकार दाखवले. पहिला घुमट: छपरावर कायमचा बसवायचा, गाडी चालू असतानाही चित्र दिसतं, पण चॅनेल मोजके आणि पाऊस आला की रुसतो. दुसरी तीन पायांची: थांबू तिथे गवतात मांडायची, हाताने फिरवून दिशा धरायची, निघताना उचलून डिकीत टाकायची. मला हीच पटली. गाडी सावलीत आणि डिश उन्हात, असंही करता येतं. तिसरी छपरावर घडी होऊन पडलेली असते. बटण दाबलं की उठते आणि आपली आपण सॅटेलाइट शोधते. एकच अट, ती उभी असताना गाडीचं इंजिन सुरू होत नाही. कोणी विसरून तसंच निघालं तर फांदीला अडकून मोडायची, म्हणून ही सोय.

यांनी तिसरी घेतली. गवतात गुडघे टेकून दिशा कोण शोधत बसणार, म्हणे. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्याच्याशी दिशेवरून काय वाद घालायचा? संध्याकाळपर्यंत बसवून झाली.

५ मार्च, गुरुवार

आज निघायचं होतं. एकदा लावून तर बघू, मग निघू, असं हे म्हणाले. त्यांनी बटण दाबलं तेव्हा मी बाहेर उभी होते. डिश उठली, आभाळभर फिरली आणि मग हळूहळू तिने मान खाली घातली. मैदानाच्या टोकाला एक आटलेला तलाव आहे. त्याच्या तळाकडे तोंड करून ती थांबली. इकडेतिकडे पाहिलं, तर शेजारच्या सगळ्या डिश तिकडेच बघत होत्या.

चित्र मात्र स्वच्छ आलं. नुसता रस्ता, गाडीच्या पुढच्या काचेतून दिसतो तसा. वळणं, पूल, गावांच्या पाट्या. चॅनेल बदलला तरी तोच. हे हरखून गेले. अगं, हा तर लेकीकडे जायचा रस्ता, म्हणाले. दिवसभर जागचे हलले नाहीत. उद्या नक्की निघू म्हणतात.

६ मार्च, शुक्रवार

निघालो नाही. सकाळी चहा दिला, तर चालत्या गाडीत इतका भरून देऊ नकोस, सांडेल, असं म्हणाले. मी हसले. हे हसले नाहीत. पडद्यावर वळण आलं की सोफ्यावर बसल्या बसल्या एका अंगाला कलतात.

मी टीव्ही बंद केला. चित्र गेलं नाही. डिशची घडी करायचं बटण दाबलं, ती हलली नाही. किल्ली फिरवली, तर नुसतं टूं-टूं वाजलं, इंजिन ढिम्म. शेवटी आतून छताच्या भोकात डिशचं हँडल घालून हाताने घडी घातली. हात भरून आले. स्टुलावरून खाली उतरेपर्यंत ती परत उभी.

मदत मागायला शेजारच्या गाडीकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत टीव्हीसमोर एक बाई, अंगात कोट, मांडीवर पर्स, केस नीट विंचरलेले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, थोडंच राहिलंय, बहिणीचं गाव आलंच. त्यांच्या गाडीची चाकं गवतात बुडालीत.

७ मार्च, शनिवार

लेकीचा फोन आला. मधूनमधून पोटात कळ येते म्हणाली, कधी पोचताय विचारत होती. निघालोय, असं खोटंच सांगितलं. यांच्या हातात फोन दिला, तर हेही तेच म्हणाले. फरक एवढाच, की यांना ते खरं वाटतंय.

ॲन्टेनावाल्याला बोलावलं. छपरावर चढून त्याने खटपट केली, डिश हलेना. सिग्नल कसला येतोय बघतो म्हणून आत आला आणि यांच्या शेजारी बसला. उठलाच नाही. त्याला त्याच्या आईच्या घराची वाट दिसतेय. वायर काप म्हणून हातापाया पडले. चालत्या गाडीत वायरींना हात लावू नये, म्हणतो.

मीच कापली. भाजीच्या सुरीने. चित्र तसंच.

८ मार्च, रविवार

ॲन्टेनावाला अजून यांच्या शेजारी तसाच बसलाय. मी आता तिकडे बघत नाही. पाठ करून स्वयंपाक, पाठ करून जेवण. हे जेवतच नाहीत, प्रवासात पोट जड नको म्हणे. ओढून बाहेर काढायला गेले, तर चालत्या गाडीतून ढकलतेस का म्हणून हात असा पिरगळला — वळ उठलेत. इतक्या वर्षांच्या संसारात कधी —

पोलिसांना फोन केला. नवरा टीव्हीसमोरून उठत नाही, हे ऐकून तिकडचा माणूस हसला. त्याच्या बायकोचीही हीच तक्रार आहे.

फार भीती वाटते. यांना सोडून जाववत नाही. थांबले तर तिकडे पोर एकटी.

९ मार्च, सोमवार

ठरलं. टॅक्सी सांगितली आहे, मैदानाच्या फाटकाशी येईल. एकटीच जाते. लेकीचं सुखरूप झालं की माणसं घेऊन येईन, यांना उचलून नेईन.

बॅग भरली. चष्मा सापडत नव्हता, आता आठवलं — टीव्हीखालच्या फळीवर आहे. त्याच्याशिवाय नातवंडाचं नाकही दिसायचं नाही मला. डोळे मिटून, हात लांबवून —

नंतर

मिळाला. सवयीने डोळ्यांवर चढवला. एकदाच बघितलं.

रस्ता संपलाय. लेकीची गल्ली आहे. ते निळं दार —

कोणीतरी सारखा हॉर्न वाजवतोय. मागची गाडी असेल. गल्ली अरुंद, त्याला पुढे जायचं असेल —

लिहिताना अक्षर हलतंय. खड्डे फार —

पोचलो. दारात लेक. हातात बाळ — केवढं जावळ! घे म्हणतेय. हे म्हणतात, गाडी पुरती थांबू दे, मग उतर —

फोन वाजतोय. लेकीचं नाव दिसतंय. उचलला. आई, कुठे आहेस, आई गं — कोण रडतंय हे? माझी लेक तर इथे समोर, हसत —