रागावून यावे, ही विनंती

खर्डी

तीर्थरूप अंबूताईस,

धाकट्या कमळाकरचा वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना? (चौकशी मनापासूनच आहे, त्यात आमच्या कंपनीचाही थोडा स्वार्थ आहे, तो पुढे येईल.)

आपल्या बंद पडलेल्या पोल्ट्रीत पोरं कार्टून बनवतात, हे तुला ठाऊक आहेच. त्यातली फुंकणी उगारून गावाला पळवून लावणारी ‘फुंकणी आजी’ कोणावरून बेतली, हेही तुला भाऊबिजेला मोबाइलवर दिसलं. “माज्या चालण्याचा तमाशा केलास रे. आता तुज्या दारात पाय ठेवायची नाय,” म्हणालीस आणि ओवाळायचं ताट तसंच ठेवून वैशाखऱ्याला सासरी निघून गेलीस.

परवा कंपनीला वर्ष झालं, तेव्हा भिंतीवर ‘कंपनी घडवणारे मान्यवर’ म्हणून फोटो लावायचं ठरलं. आमचा सुयोग गोष्टी लिहितो, सूनबाई रुचिता चित्रं काढते, आणि मी कोंबड्या विकून जागा दिली, म्हणून मीही मान्यवर. माझा फोटो मी स्वतःच मधोमध ठोकला. तुझ्या भावजयीने, अनिताने (हौशी बाई!) त्याला झेंडूचा हार घातला. दुपारी शेजारचा धाकलू दारावरून जाताना आत डोकावला, टोपी काढली आणि थेट बाजारात जाऊन बातमी सांगितली. संध्याकाळी भेटायला आलेल्यांना मीच दार उघडलं, तर एकाच्या तोंडावर पाणी मारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून चॅनेलवाले आले. मान्यवरांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मुलांना आजीच हवी, तिचे नवे भाग द्या, नाहीतर राहू दे, म्हणाले. आता या धंद्याची रीत अशी, की आधी कोणीतरी खरं चालून दाखवायचं, मोबाइलवर ते टिपायचं, आणि ते बघून रुचिता एकेक पाऊल काढते. सुयोगच्या हळदीत तू बेंजोवाल्यांच्या मागे धावलीस, ते चित्रण वापरून वापरून संपलं.

मग अनिताचं लुगडं नेसून मीच चाललो. फुंकणी उगारून पोल्ट्रीतून ओरडत निघालो, तो दारात भजनी मंडळी उभी, माझ्या दहाव्याला किती वाजता यायचं ते विचारायला. (पळताना बुवांनी टाकलेला पखवाज अजून आमच्याकडेच आहे.)

चित्रण पाहून सुयोग म्हणाला, “बाबा, तुमाला रागवता येत नाय. आत्या आदी मान उचलते, मग थांबते. तुमी नुसते धावता.”

खरं आहे. आई गेल्यावर मला शाळेत घालायला तू अशीच मागे धावायचीस. मान उचललीस की मी पळायचो; थांबलीस की वाटायचं, ताई रडते की काय, आणि परत यायचो. भाऊबिजेपासून घर सुनं वाटतं, ताई.

तुझा (अजून हयात)
कमळाकर

ता. क. मुरबाडहून शहापूरची एसटी पकडून ये, पण रागावून ये. वाटेत कोणाशी गोड बोलू नकोस. राग उतरतोय असं वाटलं तर आठव: आजीचं नाक तुझ्याहून लांब काढलंय, ते माझ्या सांगण्यावरून.

ता. क. २. माझा फोटो उतरवला. मधला खिळा तुझ्यासाठी आहे. हार घालणार नाही.

ता. क. ३. सुयोग मोबाइल लावून फाटकाशी बसेल. तू हसत आलीस तर चॅनेलवाल्यांना काय सांगायचं ते मी बघतो. ताट अजून तसंच ठेवलंय. फक्त फाटकापर्यंत नाकाचं तेवढं लक्षात ठेव.