दोन्ही हात वर

४ मार्च
लागली एकदाची नोकरी! तळ्याच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी मोटरबोट आजपासून माझ्या ताब्यात. ताईने तिच्या घरातली माळ्यावरची खोली दिलीय, खिडकीतून बोट दिसते. लिहिताना मी शब्द न् शब्द मोठ्याने म्हणतो. त्यावरून भाची जिन्यातून ओरडते, "मामा, जरा हळू लिही!" पोरगी पोहण्यात पटाईत, अभ्यासात आनंदीआनंद. मामावर गेलीय.

५ मार्च
धक्क्यावर दोर बांधणारे काका महाखडूस. दिवसभर माझी शाळा घेतली. दांडा एकच. पुढे ढकलला की बोट पुढे, मागे ओढला की मागे, मधोमध न्यूट्रल. पुढून मागे एकदम खेचायचा नाही. न्यूट्रलला थांबायचं, इंजिनाचा आवाज खाली बसला की मगच रिव्हर्स. वेग हळूहळू वाढवायचा. इंजिन बंद करणारी लाल दोरी कायम मनगटाला. शिवाय इथली एक पद्धत आहे: धक्क्याला लागलं की न्यूट्रल करून दोन्ही हात डोक्यावर धरायचे. काकांनी ते पाहून मान हलवली की मग माणसं उतरणार. चोर पकडल्यासारखं वाटतं अगदी. भाचीने पोट धरून हसून घेतलं.

८ मार्च
हात बसला. आज बोट इतकी अलगद लावली की काकांच्या तोंडून चक्क 'बरं' निघालं. म्हणजे पदकच मिळालं म्हणायचं.
एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मी हात वर केले की काका माझ्या हातांकडे ओझरतं बघतात आणि मग दांड्याकडे. तेही बराच वेळ. विचारलं तर म्हणाले, सवय आहे.

११ मार्च
न्यूट्रलला उभी केलेली बोट मागे सरकली. माझे हात वर होते, देवाशप्पथ. बघतो तर दांडा रिव्हर्सला. नशीब, कोणी उतरत नव्हतं. मेकॅनिकने सगळं उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. वर मलाच म्हणाला, नवीन आहेस, होतं असं. डोकंच फिरलं माझं. जेवण गेलं नाही.

१२ मार्च
काकांना गाठलं. आधी उडवाउडवी केली, मग बोलले. माझ्या आधीच्या चालकाची बायको उतरताना पाय घसरून बोटीमागे पडली. बोट रिव्हर्सला गेली आणि पाण्याखालच्या पंख्याने घात केला. माझे हात वर होते, असं तो जीव तोडून सांगत राहिला. कोणाला पटलं नाही. काका गप्प बसले. आज म्हणाले, "वरचे दोन मी पाहिले होते रे. दांड्यावरचा तिसराही पाहिला होता."
ताईला सांगितलं, पोरीला बोटीकडे फिरकू देऊ नकोस. तिला वाटतंय, मला काम नकोसं झालंय.

१४ मार्च
बोटीतच लिहितोय. घरी ताई ऐकते.
समोरच्या काचेत दिसला. माझे हात वर, आणि खाली तो — ओला, लांब बोटांचा. दांड्यावर नुसता ठेवलेला. वाट बघत असल्यासारखा.
लाल दोरी खेचली. इंजिन चालूच —
बस. उद्यापासून येणार नाही.

१५ मार्च
वही इथेच राहिली म्हणून आलो. इंजिन आपलं आपण सुरू. किल्ली माझ्या खिशात —
भाची मागोमाग आलीय. गंमत म्हणून पाण्यात उडी मारली, पोहत बोटीच्या मागच्या शिडीकडे येतेय. पंख्याकडे. ओरडतोय, तिला ऐकू जात नाही.
दांडा मागे चाललाय. मी दोन्ही हातांनी धरून — आवरत नाही — दोन्ही —
सुटला. ओढ सुटली. न्यूट्रलला आला.
दोन्ही हात दांड्यावर आहेत माझे.
मग हे लिहितंय कोण?
वही तिकडे बाकावर. पेन त्या ओल्या बोटांत. मी बोलतोय ते उतरवतंय.
लिहितंय तोवर दांड्यावर नाही. म्हणजे बोलत राहायचं. काहीही. न्यूट्रल. न्यूट्रल. ताईची एकुलती एक आहे ती. माझ्या पाठीवर बसून पोहायला शिकली. आली — शिडी धरली — हसतेय वेडी — एक पाय वर —
लिही बाबा, लिहीत राहा, एकच पाय राहिलाय पाण्यात, लिही, लि