खिंडीपर्यंत, रिकाम्या हाताने

तीर्थरूप वाळूदादास,

डोंगराच्या या बाजूने तुझ्या बहिणीचा, सुरेखाचा, वाकून नमस्कार. वहिनीच्या गुडघ्याला आणि तुझ्या रागाला आता उतार पडला असेल अशी आशा करते. इकडे सासूबाईंचा खोकला बरा आहे, वाल फुलावर आलेत आणि तुझे दाजी जिवंत आहेत (हे मुद्दाम लिहिते, कारण काल फोनवर तू त्यांना जे काही बोललास त्यानंतर ते जेवले नाहीत). फोनवर तू माझं अर्धं ऐकतोस आणि उरलेलं स्वतःच ठरवतोस, म्हणून तुमच्या गावाला दूध घालायला येणाऱ्या धनेशच्या हाती हे पत्र देते. रविवारी चार वडीलधारे घेऊन आमचं भांडण मिटवायला येतोयस म्हणे. दादा, भांडणच नाही तर मिटवणार काय?

झालं ते असं. रुचिताचं लग्न करून दिलं, ती आटगावला सासरी गेली आणि मला घर खायला उठलं. पोरीची वेणी घालायची वेळ झाली की हात आपोआप कंगवा शोधायचे. भात कापलं, झोडलं, कणग्या भरल्या, पण मन काही भरेना. झोप नाही, जेवण नाही, उगीच डोळ्याला पाणी. शेवटी मुरबाडला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, अंगाला काही झालेलं नाही, मन थकलंय, रोज सकाळी डोंगर चढा. मी म्हटलं, बाई, जन्मभर दुसरं काय केलं? तर म्हणाल्या, ते काम झालं, आता बिनकामाचं चढायचं, हातात काही घ्यायचं नाही. आता तूच सांग, आपल्याकडची बाई रिकाम्या हाताने कधी डोंगर चढली आहे का? पहिल्या दिवशी त्या दोन हातांचं काय करायचं हेच मला कळेना. थोडा वेळ मागे बांधले, तर तलाठ्यासारखं वाटायला लागलं.

पण घोळ माझ्या हातांनी घातला नाही, वाटेने घातला. आमच्याकडून वर जाणारी वाट एकच, खिंडीतून पलीकडे तुमच्या गावात उतरणारी. समोरच्या ठमीकाकीने ओटीवरून पाहिलं, की सुरेखाच्या हातात कोयता नाही, डोक्याला चुंबळ नाही, अंगावर चांगली साडी, आणि पाय माहेरच्या वाटेला. (साडी चांगली का, म्हणशील. रुचिताने पाठवलेल्या बुटांवर जुनी शोभत नव्हती.) मी खिंडीत बसून वारा खाऊन परत येईपर्यंत गावभर झालं होतं, की सुरेखा रुसून माहेरी निघाली होती, पण अर्ध्या वाटेतून आली.

घरी येते तर तुझे दाजी चुलीपुढे. उभ्या जन्मात या माणसाने चहा केला नव्हता, तो केला होता आणि त्यात साखरेऐवजी माया घातली होती, कारण साखर सापडली नव्हती. सासूबाई तर इतक्या गोड बोलल्या, की मला त्यांच्याच तब्येतीची काळजी वाटली. "गो, आज तू बस. भाकऱ्या मी थापतंय." मी सगळ्यांना समजावलं, हा व्यायाम आहे. ते मान डोलवत राहिले. रुसलेली बाई असंच म्हणते, असं ठमीकाकीने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले, तर मनधरणीला शेजारची बुधी मागोमाग. "मी पण गेलेली गो रुसून, पण जाऊन काय झाला? भावजयीनं भांडीच घासायला लावली!" असं सांगत ती खिंडीपर्यंत आली आणि वर बसून इतकी हसली, की परत निघायचं भान राहिलं नाही. मग आळीतली रंजिता आली, मग ठमीकाकी स्वतः (एवढं वय, पण मनधरणी म्हटल्यावर तिला घरी कसं राहवेल?). आता रोज सकाळी आळीतल्या झाडून सगळ्या बायका मला समजवायला डोंगर चढतात. वर गेल्यावर माझी समजूत कोण काढतंय! एकमेकींची गाऱ्हाणी, गाणी, लग्नातल्या जुन्या नकला, आणि मनात आलं तर सगळ्यांदेखत मोकळं रडणं. मला झोप लागते, दादा. कालवण आंबट झालं की तिखट, ते जिभेला कळतं. मी खरंच बरी होते आहे.

गावातले पुरुष मात्र हवालदिल आहेत. घराघरातून रिकाम्या हाताने बायका माहेरच्या वाटेला लागलेल्या पाहून प्रत्येकाला आपलं काहीतरी आठवतंय. सकाळी आळीत चहा करपल्याचा वास असतो. तुझ्या दाजींनी म्हशाच्या जत्रेला नेऊन घोंगडी घेऊन देण्याचं कबूल केलंय, मी मागितलीही नसताना.

म्हणून हात जोडून सांगते, रविवारी वडीलधारे आणू नकोस. ते भांडण मिटवतील, दाजी सगळं कबूल करतील, मी राजी झाल्याचं जाहीर होईल, आणि सोमवारी माझ्याबरोबर डोंगर चढायला कोणी उरणार नाही.

तुझी धाकटी,
सुरेखा

ता. क. पत्र बंद करता करता राहवत नाही. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं हे खरं, पण त्या पहिल्या दिवशी मी चालायला निघालेच नव्हते. दाजी म्हणाले होते, "पोरगी गेली, आता तुला काम काय?" आणि मी साडी बदलून तुझ्याकडेच यायला निघाले होते. खिंडीत दम घ्यायला बसले आणि खाली पाहिलं, तर दाजी खळ्यात उभे, एका पायात चप्पल, दुसरी हातात, मान वर करून सगळा डोंगर शोधतायत. रुचिताच्या लग्नानंतर पहिल्यांदा मी मोठ्याने हसले, आणि तशीच खाली उतरले. ठमीकाकीला यातलं काही कळू देऊ नकोस. तिचं बरोबर होतं हे समजलं, तर ती गावात कोणाला जगू देणार नाही.

ता. क. दुसरी. वडीलधारे नकोत, पण वहिनीची फार आठवण येते. रविवारी सकाळी तिला तुमच्या बाजूने खिंडीत पाठव. सावकाश चढू दे, आम्ही वाट पाहू. चांगली साडी नेसून, रिकाम्या हाताने, आणि तुला काहीएक न सांगता निघायला सांग. खिंडीतून तुमचंही खळं दिसतं, दादा.